मऊ चाकांची जीप

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. कीर्तनाला बसताना मागून येणाऱ्याला जागा व्हावी म्हणून पुढचा थोडा पुढं सरकतो ना, तसं सरका. माझा आवाज आता पूर्वीसारखा ठणठणीत राहिलेला नाही. जवळ आल्याशिवाय माझं बोलणं ऐकू यायचं नाही. पण ऐकाल तर मी तुम्हाला एक गोष्ट सांगेन. ती एका पखवाजाची आहे, कोरड्या गोदावरीची आहे आणि हवा कमी केलेल्या चार चाकांची आहे. गोष्ट खरी आहे, कारण ती माझ्याच अंगावरून गेली आहे.

मी एक जुनी जीप आहे. चारही चाकांनी ओढणारी. लोक मला फोर बाय फोर म्हणतात. माझ्या ड्रायव्हरजवळ नेहमीच्या गिअरशेजारी आणखी एक आखूड दांडा आहे. तो ओढला की इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांबरोबर पुढच्या दोन चाकांनाही मिळते. कारखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा या दांड्याचा मला फार अभिमान होता. वाटायचं, आता मी डोंगर चढणार, चिखल तुडवणार.

पण मित्रांनो, ताकद असणं आणि ती कुणाच्या उपयोगी पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझी पहिली नेमणूक कालवे पाहणाऱ्या एका सरकारी खात्यात झाली. साहेब डांबरी रस्त्यानं यायचे, डांबरी रस्त्यानं जायचे आणि कालवा पुलावरूनच पाहायचे. त्या आखूड दांड्याला कुणी हातही लावला नाही. पुढं माझा लिलाव झाला आणि गेवराई तालुक्यातल्या गोदाकाठच्या एका गावच्या हनुमाननं मला विकत घेतलं.

हनुमानकडचे दिवस सुखाचे गेले. मी कापसाच्या गाठोड्यांखाली दबून बाजारात गेले. नवरदेव मिरवले. अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या. दसऱ्याला माझ्या कपाळावर आपट्याची पानं आणि झेंडूची माळ असायची. लोक म्हणायचे, ‘‘हनुमानाची जीप लई गुणाची हाय.’’ मग हनुमाननं नवा टेम्पो घेतला. मी गोठ्याशेजारच्या लिंबाखाली उभी राहिले ती राहिलेच. पाऊस आला, ऊन आलं. कोंबड्यांनी मागच्या सीटवर अंडी घातली. पुढं पुढं त्यांना तर वाटायला लागलं, की ही जीप आपल्यासाठीच बांधली आहे. कुणाला तरी आसरा होतो आहे, हेही थोडं नव्हे.

आता गावाचं सांगते. गावापुढं गोदावरीचं पात्र आहे. उन्हाळ्यात तिथं पाणी एका कडेच्या धारेपुरतं उरतं आणि बाकी सगळी वाळू. त्या वाळूच्या पलीकडं, पात्राच्या मधोमध एक उंचवटा आहे. त्याला सगळे बेट म्हणतात. बेटावर महादेवाचं देऊळ आहे आणि दर चैत्रात तिथं हरिनामाचा सप्ताह बसतो. सात दिवस अखंड वीणा, पहाटे काकडा, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन. दह्यालाह्यांचा काला हातावर पडेपर्यंत कुणी जागचं हलत नाही. मी पुष्कळ रस्ते पाहिले, पण काल्याच्या कीर्तनाला निघालेल्या माणसांच्या तोंडावर जो उजेड असतो, तो कुठल्या लग्नाच्या वरातीतही पाहिला नाही.

त्या बेटावर वर्षानुवर्षं पखवाज वाजवत आले ते राधाकिशन. हनुमानचे चुलते. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे. जेवताना ताटाच्या काठावरही बोटं वाजायची. त्यांच्या बायकोला, बायनाबाईंना, ते वाजणं कळायचं. ‘‘आमटी आळणी झाली का ओ?’’ त्या विचारायच्या, ‘‘आज ताल संथ दिसतोय.’’

गावातलीच एक मुलगी होती, सत्यशीला. लहानपणी ती राधाकिशन यांच्या ओसरीवर बसून गाणं शिकली. मुलीच्या जातीनं कीर्तनात उभं राहू नये, असं म्हणणारे तेव्हा गावात होते. राधाकिशन त्यांच्याशी कधी भांडले नाहीत. ती गायला लागली की ते पखवाज घेऊन बसायचे, एवढंच. एकदा ती रडत आली, तेव्हा ते म्हणाले, ‘‘ज्या दिवशी बेटावर तुझं काल्याचं कीर्तन होईल, त्या दिवशी साथ माझी. हे मी म्हातारा बोलतो.’’ सत्यशीला मोठी झाली, लग्न होऊन धारूरकडं गेली, नावाजलेली कीर्तनकार झाली. गावोगाव तिची कीर्तनं झाली, फक्त बेटावर झालं नव्हतं. मग एका वर्षी गावानं काल्याची सेवा तिला दिली.

आणि त्याच वर्षी राधाकिशन विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. बीडच्या दवाखान्यात आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, बसू द्या, पण गचका बसता कामा नये. चालणं तर लांबच. कित्येक आठवडे पखवाज खुंटीवर राहिला, बोटं आखडली. पारावर कुणीतरी म्हणालं, ‘‘राधाकिशन मामांचा पखवाज आता संपला.’’ हे बोलणं फिरत फिरत त्यांच्या कानावर आलं. ते बायनाबाईंना म्हणाले, ‘‘पखवाज खाली काढ. वाद्या ढिल्या झाल्या आसतील.’’

प्रश्न पोचण्याचा होता. पूर्वी बेटाकडं बैलगाडीची घट्ट चाकोरी होती. आता वाळू भरणाऱ्या टिपरांनी पात्र जागोजागी उकरलं आहे. पूर आला की ते खड्डे भुसभुशीत वाळूनं भरतात आणि वरून सपाट दिसतात. चालणारा माणूस जातो, ट्रॅक्टरही जातो, पण आदळत. तसला एक गचका त्या हाडाला पुरेसा होता. पोरं म्हणाली, बाजेवर घालून खांद्यावर नेऊ. राधाकिशन पहिल्यांदाच चिडले.

‘‘बाजेवर चौघांच्या खांद्यावर मी एकदाच जाणार हाय,’’ ते म्हणाले, ‘‘आन् त्या दिवशी पखवाज वाजवायचा नसतोय.’’

तेव्हा हनुमानला माझी आठवण झाली.

गेवराईला हमरस्त्याच्या कडेला चाँदचं गॅरेज आहे. हनुमाननं मला ट्रॅक्टरला बांधून तिथं नेलं. चाँदनं माझं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, मग मागची सीट उचलली. तिथं एक अंडं निघालं.

‘‘हे बी दुरुस्त करायचं का बे?’’ त्यानं हनुमानला विचारलं.

‘‘थट्टा राहू दे. वाळूतून बेटावर न्यायची हाय. काका बसणार हायती.’’

चाँदचा हात थांबला. राधाकिशन गेवराईला आले की याच गॅरेजवर चहाला बसायचे. तिथल्या पत्र्याच्या डब्यावर त्यांची बोटं चालायची आणि चाँद त्या तालावर पाना फिरवायचा. तो म्हणाला, ‘‘मामा बसणार आसतील तर मंग सावकाश करू. कावून घाई करायची?’’

आणि मित्रांनो, त्यानं खरोखरच सावकाश केलं. वाळूत उतरणाऱ्या गाडीची तयारी म्हणजे मोठा थाट नसतो. आहे तेच नीट करायचं असतं. माझा आखूड दांडा इतक्या वर्षांत गंजून बसला होता. चाँदनं त्यावर तेल सोडलं, दोन दिवस मुरू दिलं, मग हळूहळू हलवून मोकळा केला. पुढच्या चाकांच्या मधोमध दोन गोल कुलपं असतात. ती हातानं फिरवल्याशिवाय पुढची चाकं जोर लावत नाहीत. तीही जाम होती, ती त्यानं सोडवली. ज्या क्षणी चारी चाकांनी एकदम जमीन ओढली, त्या क्षणी मला काय वाटलं म्हणून सांगू. जन्मभर आपल्या घशात एक गाणं आहे आणि कुणी गा म्हटलंच नाही, असं होतं ते. आता कुणीतरी म्हटलं होतं.

वाळूची धूळ इंजिनात जाऊ नये म्हणून त्यानं हवेची जाळी बदलली. पाणी तापू नये म्हणून रेडिएटर धुतला. पुढं आणि मागं ओढून काढायचे मजबूत हूक बसवले. टपावरचं लोखंडी कॅरिअर उतरवलं, जादा चाक सोडलं, मागची एक सीट काढली. ‘‘वाळूत वजन म्हंजे दुश्मन,’’ तो म्हणाला. त्या जागी राधाकिशन यांचा पाय लांब राहील अशी कापसाची जाड गादी शिवून बसवली. ती गादी त्याच्या घरी जाहेदानं, त्याच्या बायकोनं शिवली. तिनं कडेला हिरवी गोट लावली. गाडीतल्या गादीला गोट कशाला, असं चाँद म्हणाला, तर म्हणे, ‘‘देवळात जायाली न गादी, मंग?’’ शेवटी दोन लांब फळ्या आणि एक फावडं माझ्या कुशीला बांधलं. रुतलं तर चाकाखाली फळी, आधी फावडं.

मग चाकं. कुठल्या तरी मोडीत गेलेल्या जीपची रुंद टायरं त्यानं मिळवली. काल्याच्या आदल्या दिवशी दुपारी मला गावात आणलं आणि राधाकिशन यांच्या दारात उभं केलं. घरापासून दोन ढांगांवर वाळू सुरू होते. चाँद चाकाशी उकिडवा बसला आणि हवा सोडू लागला. पस्तीसची हवा त्यानं अठरावर आणली. चाकं खाली पसरली, ढेरपोट्या माणसासारखी.

खाटेवर बसलेले राधाकिशन हे पाहत होते. त्यांनी खाट चाकाजवळ सरकवायला लावली आणि टायरवर बोटं मारली. आधी हवा सोडलेल्या, मग अजून न सोडलेल्या.

‘‘आरं, ही तर कणीक लावल्यागत झाली,’’ ते म्हणाले.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा लावतात, हे तुम्ही पाहिलं असेल. तो नसेल तर चामडं कोरडं, पोकळ वाजतं. कणकेनं ते जड होतं, आणि मग घुमतं.

‘‘बराबर मामा,’’ चाँद म्हणाला. ‘‘चाक कडक आसलं की सुरीवानी वाळू कापतं आन् खाली जातं. मऊ आसलं की पसरतं, वाळूवर बसतं. उंटाचा पाय पाह्यलाय न? तसं.’’

‘‘उंट तू तरी कुठं पाह्यला?’’

‘‘पाथर्डीच्या जत्रंत. लेकराला बसवलं होतं. उतरायचं नाव घेईना.’’

संध्याकाळी हनुमानला शिकवणं झालं. ब्रेक मारायचा नाही, नुसतं पाय उचलायचा. एकदम वळायचं नाही. मधे थांबायचं नाही. रुतलं तर रेस करायची नाही, कारण फिरणारं चाक स्वतःच खड्डा खणतं. आम्ही बेटापर्यंत जाऊन आलो. मी वाळूवरून अशी गेले, जशी भरल्या घरात एखादी बाई आवाज न करता फिरते. राधाकिशन यांच्या जागी ठेवून पाहिलेला पाण्याचा तांब्या गादीवर तसाच भरलेला राहिला. चाँद खूश झाला. सकाळी मी पुढं जाऊन घट्ट वाळूच्या वाटेवर पताका रोवून ठेवतो, म्हणाला. ‘‘हवेला हात लावू नको,’’ हे त्यानं हनुमानला दोनदा बजावलं. हनुमान बेटावर सप्ताहाच्या कामाला गेला. बायनाबाई दिवसभर बेटावर स्वयंपाकाला होत्या, रात्री उशिरा परतल्या; त्यांना हवेचं सांगायचं राहून गेलं.

आता बायनाबाईंचं सांगते. त्यांच्या घरातून कधी कुणी रित्या हातानं गेलं नाही. शेजारणीनं ताक दिलं तर तिचा तांब्या परत जाताना त्यात मूठभर तरी दाणे असायचे. लेकीची पिशवी, पाहुण्याचा डबा, देवाची परडी, काहीही घरातून निघताना भरलेलं असावं. रितं निघालं की काम रितं होतं, हा त्यांचा नेमच. पहाटे त्या अंघोळ करून हळदकुंकू घेऊन माझ्याकडं आल्या आणि चारी चाकं बसलेली पाहून जागीच थबकल्या. देवाच्या दारी निघालेली गाडी, आणि चाकांत हवा नाही. राधाकिशन रात्रभर जागून नुकते झोपले होते. त्यांना सांगून घाबरवायचं कशाला? बायनाबाई स्वतः चालत मुंजाजीच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत गेल्या आणि त्याला झोपेतून उठवलं. मुंजाजीनं मशीन आणून हवा भरली.

‘‘चाळीस टाकली काकू,’’ तो म्हणाला. ‘‘टणक झाली.’’

‘‘टाक बाबा. कमी नको पडाया.’’

मग त्यांनी माझ्या चारी चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून पुटपुटल्या, ‘‘नीट ने गं माय.’’ तो हात किती हलका होता. मला बोलता आलं असतं, तर तेव्हा बोलले असते.

हनुमान आला तो उशीर झाला म्हणत; चाकांकडं बघायची त्याला फुरसत नव्हती. काल्याला लागणारी दह्याची भांडी, लाह्यांची पोती, गुळाची ढेप, सगळं दारात वाट पाहत होतं. देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार? ते चढलं. शेजारच्या दोघी चढल्या. राधाकिशन गादीवर, पखवाज त्यांच्या कुशीत, आणि पायाशी बायनाबाई. बेटावरच्या कर्ण्यातून नामाचा गजर सुरू झालेला ऐकू येत होता.

पहिल्या पताका आम्ही ओलांडल्या. वाळू कालचीच होती, मी मात्र कालची नव्हते. माझी टणक चाकं खाली खाली जात होती. निम्म्या वाटेवर मी जड झाले, हनुमान घाबरला आणि त्यानं नको तेच केलं. पाय दाबला. चाकं जागेवर भणाणली, वाळू उडाली आणि मी पोटापर्यंत खाली बसले, एका अंगाला कलंडून. राधाकिशन यांनी दात आवळले. पखवाज मात्र त्यांनी सोडला नाही.

चाँद पलीकडून धावत आला. वाळूतून धावणं सोपं नसतं. आल्या आल्या त्यानं अंगठ्यानं टायर दाबलं. ते जरासुद्धा दबलं नाही.

‘‘हवा कुनी भरली बे?’’

‘‘आईशपथ, म्या हात लावला न्हाई,’’ हनुमान म्हणाला.

मग बायनाबाई म्हणाल्या, ‘‘म्या भरवली. चाकं बसली होती रं चाँद. मला वाटलं, देवाकडं निघताना रिती कशी धाडायची.’’

त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता. शेजारणींनी एकमेकींकडं पाहिलं. कुणीतरी काहीतरी बोलणार होतं. चाँदनं बोलू दिलं नाही. त्यानं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, ‘‘मामी, आमच्यात बी पाव्हण्याला रिकामं धाडत न्हाईत. पण ही वाळू उलट्या खोपडीची हाय. हिला भरलेलं आवडत न्हाई. चला, उतरा समदे.’’

‘‘आन् तिनं एवढी वर्षं भाकरी वाढल्या, त्या बी वजनात धर,’’ आतून राधाकिशन म्हणाले. ‘‘मला बी तिनंच भरून ठिवलंय.’’

बायनाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी मान वर केली.

दही, लाह्या, गूळ उतरले. बेटावरून पोरं आली आणि ओझी घेऊन गेली. एकानं पुन्हा बाजेचं नाव काढलं, राधाकिशन यांनी नुसतं त्याच्याकडं पाहिलं, तसा तो गुळाची ढेप उचलून चालू लागला. चाँद आणि हनुमाननं फावड्यानं चाकांपुढची वाळू उतरती करून काढली. पोटाखालची उपसली. खिळ्याच्या टोकानं एकेक चाकाची हवा सोडली. सोडताना राधाकिशन कान देऊन होते. ‘‘आजून जरा,’’ ते म्हणायचे, ‘‘आजून. हां, आता बोलंल.’’ पुढच्या चाकांखाली फळ्या सरकवल्या.

गजर थांबला आणि सत्यशीलाचा आवाज कर्ण्यातून आला. कीर्तन सुरू झालं होतं. साथीला दुसरा वादक होता. चांगला होता. पण राधाकिशन यांची बोटं पखवाजाच्या वादीवर घट्ट आवळली गेली, ते मी पाहिलं. काल्याचं कीर्तन कुणासाठी थांबत नाही.

चाँद म्हणाला, ‘‘आता फक्त मामा आन् हनुमान. बाकी चालत. मामी, तुमी बसा, तुमचं काय वजन, पाखरावानी.’’

बायनाबाई खालीच उभ्या होत्या. ‘‘पाखराला बी वजन आसतंय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मी चालते.’’

‘‘मंग त्यांना पोचवून गाडी माघारी आणतो,’’ हनुमान म्हणाला.

‘‘नको. ते खाली उतरणार न्हाईत, गाडीतच बसून वाजवणार. गाडी तिथंच ऱ्हाऊ दे. मला रस्ता ठाव हाय, पताका हायत्या.’’

राधाकिशन म्हणाले, ‘‘आगं, तुझं कीर्तन चुकंल.’’ कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं, की सप्ताहातलं एकही कीर्तन बायनाबाईंनी कधी चुकवलं नव्हतं. दुखणं असो, पाहुणे असोत, त्या पहिल्या ओळीत.

‘‘कर्णा हाय की,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी निघा.’’

हनुमाननं आखूड दांडा ओढला. पाय हळूच ठेवला. मी जोर केला, पण तोही हळूच. फळ्या कुरकुरल्या, माझी मऊ चाकं त्यांच्यावर चढली, वाळूवर पसरली आणि मी बाहेर आले. एकदाही गचका न देता. चाँद शेजारून पळत होता, ‘‘थांबू नको, थांबू नको’’ म्हणत.

मंडपाची एक कनात वर उचलली होती. हनुमाननं मला तिथून तशीच आत घेतली आणि कीर्तनकाराच्या जागेपासून थोड्या अंतरावर उभं केलं. सत्यशीलानं बोलणं थांबवलं नाही. तिनं फक्त नामाचा गजर धरला आणि तो लांबवला. साथीच्या वादकानं उठून माईक माझ्या मागच्या दारापाशी आणून लावला, राधाकिशन यांच्या पायाला हात लावला आणि स्वतः टाळ घेऊन मागं उभा राहिला.

पहिली थाप पोकळ पडली. दुसरीही. पारावरचे लोक तिथंच होते. राधाकिशन यांनी डोळे मिटले, डाव्या तोंडावरची कणीक अंगठ्यानं थोडी पसरली आणि पुन्हा हात टाकला. यावेळी जो घुमारा उठला, तो माझ्या पत्र्यातून, स्प्रिंगांतून चाकांत उतरला आणि चाकांतून वाळूत. सत्यशीलानं अभंग उचलला तो वरच्या पट्टीत, आणि म्हातारा तिच्या एक पाऊलही मागं राहिला नाही.

सगळा मंडप तिकडं पाहत होता. मी मात्र नदीकडं पाठ करून उभी होते. माझ्या कडेच्या आरशात मला नदीचं पात्र दिसत होतं आणि त्यात पताकांच्या रांगेतून एक जांभळा ठिपका हळूहळू येत होता. बायनाबाईंचं लुगडं. शेजारणी पुढं निघून आल्या होत्या. त्या एकट्याच मागं राहिल्या होत्या. राधाकिशन यांचा तो पहिला घुमारा कर्ण्यातून पात्रावर गेला, तेव्हा तो ठिपका जागेवर थांबला. उन्हात, तापल्या वाळूत. त्यांनी दोन्ही हात जोडले. बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग पदर डोक्यावर नीट घेतला आणि पुन्हा चालू लागल्या.

त्या मंडपात आल्या तेव्हा हंडी फुटून काला वाटला जात होता. घामानं थबथबलेल्या त्या माझ्या दाराशी येऊन टेकल्या. राधाकिशन यांनी आपल्या ओंजळीतला काला त्यांच्या हातावर ठेवला.

‘‘कसं झालं?’’ त्यांनी विचारलं.

‘‘दुसऱ्या अभंगाला उगं घाई केली,’’ बायनाबाई म्हणाल्या. ‘‘बाकी झ्याक.’’

‘‘आगं, तेवढ्या लांबून तुला कळलं?’’

‘‘न कळायला काय झालं.’’

सत्यशीला आली, तिनं दोघांना खाली वाकून नमस्कार केला. राधाकिशन तिला म्हणाले, ‘‘बोललो होतो न.’’ एवढंच. तिनं मान हलवली. एरवी ही बाई तासन्‌तास बोलणारी.

परतताना मी वाळूतून काठावर चढले, तर तिथं मुंजाजी मशीन घेऊन ओशाळा होऊन उभा होता. मऊ चाकानं घट्ट रस्त्यावर पळू नये, टायर फाटतं, म्हणून चाँदनंच त्याला बोलावलं होतं. तो बायनाबाईंकडं बघेना. बायनाबाईच म्हणाल्या, ‘‘आता भर बाबा. आता भरलेली चालती म्हनं.’’ चाँद इतका हसला, की त्याला माझ्या मडगार्डचा आधार घ्यावा लागला.

मित्रांनो, आता मी लिंबाखाली नाही. हनुमाननं माझ्यासाठी पत्र्याचं छप्पर केलं आहे. महिन्यातून एकदा तो आखूड दांडा ओढून मला वाळूत फिरवून आणतो, म्हणजे तो पुन्हा गंजू नये. राधाकिशन काठी घेऊन चालू लागले आहेत आणि ओसरीवर पुन्हा पोरापोरींचे पखवाज घुमतात. तुमच्या दारातही एखादी जुनी वस्तू पडून असेल. तिच्या आत कुठला दांडा कधीच ओढला गेलेला नाही, ते एकदा बघा. तेल घाला, वाट पाहा, जोर करू नका. आणि कुणाची प्रेमानं झालेली चूक समोर आली, तर त्या चाँदसारखं आधी गाडी बाहेर काढा.

कीर्तनात उभं राहणारा सगळ्यांना दिसतो, वाजवणाराही दिसतो. दोघांचं कौतुक होतं, व्हायलाच पाहिजे. पण त्या सकाळी गाडी हलकी व्हावी म्हणून जी खाली उतरली आणि आपल्या आयुष्यातलं सर्वांत वाट पाहिलेलं कीर्तन जिनं तापल्या वाळूत उभं राहून ऐकलं, तिला फक्त माझ्या आरशानं पाहिलं. म्हणून तुमच्याकडं एकच मागणं आहे. कधी कुठं पखवाज घुमला आणि तुमची मान आपोआप डोलली, तर त्या वेळी घटकाभर बायनाबाईंची आठवण काढा.